दोष कोंबड्याचा की खाद्याचा?

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी बसवावीत, एकवीस दिवस वाट पाहावी आणि शेवटी चार-पाच पिलांवर समाधान मानावे, असा अनुभव गावोगावच्या कोंबडीपालकांना येतो. अशा वेळी दोष बहुधा कोंबड्याच्या माथी मारला जातो. "नर निकामी झाला, दुसरा आणा," हा सल्ला कार्यकर्तेही विनाविलंब देतात. तो पुष्कळदा चुकीचा असतो. आणि तो देण्यापूर्वी न उबलेली अंडी फोडून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात, ही खेदाची गोष्ट होय.

न उबलेले प्रत्येक अंडे अफलित नसते. सातव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीच्या झोतासमोर धरावे. आत सर्वत्र स्वच्छ उजेड दिसला तर ते बहुधा अफलित, व लाल शिरांचे जाळे दिसले तर फलित समजावे. स्वच्छ अंडी फार निघाली तर नराचा विचार करणे योग्यच ठरेल. परंतु गर्भ धरून तो मागाहून मेलेली अंडी अधिक असतील, तर नर बदलून फारसे साधणार नाही. शिळी अंडी, उन्हाचा ताप, जीवनसत्त्वांची उणीव अशी कारणे तेथे संभवतात. खनिजांची उणीव हेही त्यांतलेच एक कारण, आणि तेच सर्वांत कमी तपासले जाते.

गाईचे वासरू गर्भात असताना मातेच्या रक्तातून रोज पोषण घेते. कोंबडीच्या पिलाची शिदोरी मात्र एकदाच बांधली जाते. अंडे घातल्यावर त्यात जे नाही, ते पुढे एकवीस दिवसांत खुडूक कोंबडीही देऊ शकत नाही व उबवणी यंत्रही देऊ शकत नाही.

मँगेनीजचे उदाहरण घ्यावे. कोंबडीच्या खाद्यात ते कमी पडले तर गर्भाची हाडे नीट वाढत नाहीत, हे अमेरिकेत केंटकी येथे १९३७ साली दाखविले गेले. असा गर्भ बहुधा अखेरच्या दिवसांत मरतो. त्याचे पाय आखूड व जाड, पंख तोकडे आणि चोच पोपटासारखी वाकलेली असते. अंडे फोडणाऱ्याला ही खूण ओळखता येते. शंभर किलो खाद्यात अवघे सहा ते दहा ग्रॅम मँगेनीज पुरते; पण मक्यात ते फारच थोडे असते. गव्हाच्या व तांदळाच्या कोंड्यात ते पुष्कळ असते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, पाला व माती उकरून आपली गरज बऱ्याच अंशी भागविते. खुराड्यात कोंडून मक्याच्या भरड्यावर पोसलेल्या कोंबडीला ती सोय उरत नाही.

येथे चांगल्या हेतूने होणारी एक चूक सांगणे अवश्य आहे. अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून शिंपल्यांचा चुरा हवाच. पण तो अंदाजाने मूठमूठ खाद्यात मिसळला, तर अतिरिक्त कॅल्शियममुळे मँगेनीज व जस्त शरीरात नीट शोषले जात नाहीत. शिवाय अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात जेवढे कॅल्शियम लागते, त्याच्या साधारण चौथा हिस्साच नराला पुरतो. चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोंबडी आपल्या गरजेपुरता उचलते.

नराच्या बीजाला जस्त व सेलेनियम दोन्ही लागतात, हे खरे. पण सेलेनियमची मात्रा कोणी हाताने मोजून देऊ नये. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, जमिनीतच सेलेनियम जास्त असलेल्या भागातील धान्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत विकृत गर्भ आढळले होते. ही १९३० नंतरच्या दशकातील गोष्ट आहे. यासाठी कोंबड्यांकरिता तयार केलेले खनिज मिश्रण वेष्टनावरील प्रमाणानेच वापरावे. गुरांचे मिश्रण उरले म्हणून कोंबड्यांपुढे टाकण्याची काटकसर उपयोगाची नाही; दोघांच्या गरजा भिन्न आहेत.

खाद्य सुधारल्यावर लगेच अंडी बसविण्याची घाई करू नये. बलकाची मुख्य वाढ सुमारे दहा दिवस चालते, म्हणून तीन आठवड्यांनंतरची अंडी उबवणीस घ्यावीत. नर बदलला तरी आधीच्या नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकते. त्यामुळे नव्या नराची परीक्षाही त्याआधी होत नाही.