आरी आणि कोश

आरी धरणाऱ्याने बुकाच्या वाटेस जाऊ नये, असे सांगणारे शहाणे आमच्या पैठण-कन्नडकडे अजून भेटतात. त्यांस आम्ही विल्यम केरीचे नाव सांगतो. इंग्लंडातील एका खेड्यात १७६१ साली विणकराच्या घरी जन्मलेला हा जोडे शिवणारा पुढे पाद्री झाला. पण पगारात भागेना, म्हणून जोडे शिवणे सुटले नाही. शेजारी पुस्तक ठेवून तो भाषा शिकला. १७९३ साली बंगाल्यात आला तो धर्मप्रसारास. त्याविषयी ज्याचे मत त्यापाशी. परंतु कलकत्त्यास मराठी शिकविता शिकविता त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी अक्षरांत कोश छापविला. वैजनाथ पंडितांचे साह्य होते, तेही कबूल. मात्र ज्या श्रीरामपूरच्या (बंगाल्यातील, नगरकडचे नव्हे) छापखान्यात हे काम झाले, त्याचे खिळे घडविणारे पंचानन कर्मकार व त्याचा जावई मनोहर हे लोहार होते, हे शाळेत कोणता मास्तर सांगतो?

"चांभार असूनही विद्वान" असे लिहितात. हे 'असूनही' कशास?

१८३४ साली, ७२ वर्षांचा होऊन, केरी वारला. एका मेजवानीत कोणा अंमलदाराने त्याचा जुना धंदा मुद्दाम काढला, तेव्हा केरीनेच त्याची चूक दुरुस्त केली म्हणतात: नवे जोडे करणारा नव्हे, जुने सांधणारा.