शेणाचं वजन होतं, दुधाचं नाही

ग्वाल्हेरच्या लाल टिपारा गोशाळेत रोज 100 टन शेणापासून दोन-तीन टन बायो-सीएनजी होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही आता पाठ आहे. 2 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी दिल्लीत बसून त्या प्रकल्पाचं लोकार्पण केलं. पैसा इंडियन ऑइलचा, मानपान महापालिकेचा. प्रकल्प वाईट नाही, माझा त्याच्याशी तंटाही नाही. तंटा आहे तो या शहराच्या हिशेबाशी. जनावराच्या मागून काय पडतं ते आम्ही टनात मोजतो. कासेतून काय येतं ते अदमासे सांगतो.

अदमासे हा शब्द मी रागाने वापरत नाही, सरकारी पद्धतच ती आहे. 2023-24 मध्ये देशात 23.93 कोटी टन दूध झालं. त्यात उत्तर प्रदेश पहिला, राजस्थान दुसरा आणि 8.91 टक्के वाटा उचलून आमचा मध्य प्रदेश तिसरा. माणशी दिवसाला 673 ग्रॅम. देशाची सरासरी 471. हे आकडे येतात नमुना पाहणीतून. वर्षाचे तीन हंगाम, काही निवडक गावं, त्यातली काही घरं, तिथलं मोजलेलं दूध. त्या सरासरीला दुभत्या जनावरांच्या संख्येने गुणलं की कोट्यवधी टन तयार. राज्याचा अंदाज बांधायला ही पद्धत पुरेशी आहे. पण तिच्यातून कुठल्या गोठ्यातली कुठली म्हैस चांगली आणि तिचा बाप कोण, हे जन्मात कळायचं नाही. डोकी वाढली तरी दूध वाढतं, सुधारणेची गरजच काय?

आता म्हणे देशाच्या दुधातला राज्याचा वाटा 9 टक्क्यांवरून 20 टक्के करायचा आहे. त्यासाठी एप्रिल 2025 मध्ये भोपाळला अमित शहांच्या साक्षीने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाशी करार झाला, राज्याच्या ‘सांची’ दूध महासंघाचा कारभार मंडळाकडे गेला. डॉ. आंबेडकरांच्या नावाची कामधेनू योजना आली: 25 जनावरांचा गोठा आणि 42 लाखांपर्यंतचं प्रकरण. कर्ज मिळेल, छप्पर मिळेल, जनावरंही मिळतील. पण कुठली? चांगल्या वंशाची म्हणावी, तर त्याचा पुरावा काय? व्यापाऱ्याने बाजारात कास तट्ट फुगवून दाखवली, हाच पुरावा. दोन वेळचं दूध तुंबवून कास कशी फुगवतात हे शहराच्या मुरार भागापलीकडचा प्रत्येक गवळी जाणतो. बँकेचा साहेब तेवढा जाणत नाही.

पैदाशीचं धोरण तर आमच्याकडे रस्त्यावर ठरतं. झाशी रोडच्या दुभाजकावर जो वळू ठाण मांडून बसतो, तोच या शहराचा खरा पैदास अधिकारी. त्याला पगार नाही, बदली नाही, निवृत्ती नाही. देशात कृत्रिम रेतन अजून जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या जनावरांपर्यंत पोचलेलं आहे. बाकीच्या वासरांचे बाप असेच उडाणटप्पू. अशा वळूची कालवड तीन लिटरवर अडते, मालक एका वेतात कंटाळतो, दावं सोडतो, आणि ती लाल टिपाऱ्याच्या दहा हजार जनावरांत जाऊन पडते. तिथे तिच्या शेणाचा गॅस होतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

हे चक्र तोडायचा एक प्रयत्न झाला होता. 2021 च्या ऑक्टोबरात राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणाची मोहीम जाहीर केली. यात नवं काहीच नव्हतं. आपल्या आजोबांच्या काळापासून गावोगाव बैल असेच होत आले. पण भोपाळच्या तेव्हाच्या खासदार प्रज्ञासिंह ठाकूर यांना त्यात देशी वंश संपवण्याचा कट दिसला आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला. देशी वंश वाचवायचा तर त्यातला हिणकस बाप बाजूला काढावा लागतो, हे पशुविज्ञान नाही, साधं शेतकऱ्याचं शहाणपण आहे. 2004 च्या कायद्याने गोवंशाची कत्तल बंद आहे, ती बंदच राहो. खच्चीकरण म्हणजे कत्तल नव्हे, एवढं तरी सांगायची छाती कुणाला झाली नाही.

देशी, देशी म्हणून छाती बडवणाऱ्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: भदावरी पाहिली आहे का? भिंड-मुरैना आणि पलीकडचं आग्रा-इटावा हा तिचा मुलूख. नाव जुन्या भदावर संस्थानावरून. तांबूस अंग, गळ्याखाली दोन पांढऱ्या कंठ्या, गव्हाच्या काडासारखे पिवळट पाय. चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत काटेरी पाला आणि कडबा खाऊन जगणारी ही म्हैस सरासरी 8 टक्के स्निग्धांशाचं दूध देते; काहींचं 12 टक्क्यांवर जातं. हरयाणाची मुऱ्हा म्हैस वेताला 2000 किलोच्या आसपास देते, ही 1200-1300 वर थांबते. तुपाच्या हिशेबात मुऱ्हाच पुढे राहते, खोटं कशाला बोलू? पण तिचं अंग मोठं, खाणं मोठं. भदावरीचं दोन्ही कमी. दूध संकलन केंद्रावर भाव फॅटवर मिळतो, मग या म्हशीच्या निवडीवर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं असतं तर ती कुठे असती? ग्वाल्हेरहून शंभरेक किलोमीटरवर झाशीच्या चारा संशोधन संस्थेत तिचा कळप जपला आहे. गावात मात्र तिच्यावर मुऱ्हा चढवून रक्त पातळ करणं चालू आहे. मुख्यमंत्री अनुदानावर वाटतात ती म्हैसही मुऱ्हाच. गाय देशी हवी, म्हैस हरयाणाची. आमचा स्वदेशीचा उमाळा गोपाष्टमीपुरता.

भेसळीबद्दल बोललं नाही तर ग्वाल्हेरकर रागावतील. 2019 च्या जुलैत पोलिसांच्या एसटीएफने मुरैना-भिंडकडे धाडी टाकल्या. शाम्पू, रिफाइंड तेल आणि ग्लुकोजचं दूध सापडलं, सरकारने ‘शुद्ध के लिए युद्ध’ पुकारलं. माणशी 673 ग्रॅम दुधाच्या राज्यात दूध शाम्पूतून का काढावं लागतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. दिवाळी आली की इथल्या मोर बाजारातला मावा पकडल्याचे फोटो छापून येतात आणि मंडळी त्याच संध्याकाळी पेढे घेतात. पण 2019 मध्येच प्रसिद्ध झालेल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या देशव्यापी पाहणीत 6432 नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ सापडली ती 12 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर निघालं 5.7 टक्क्यांत. हे विष कोणी गवळी ओतत नाही. ओल धरलेल्या, बुरशी चढलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून ते जनावराच्या पोटात जातं आणि तिथून आपल्या कपात येतं. त्यावर धाड घालता येत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. आमचा मुलूख मोहरीचा. मोहरीचं काड जनावर तोंडात धरत नाही, ते वीटभट्टीला जातं. गहू हार्वेस्टरने कापला की भुशातही तूट. उरलेली पोकळी जुनाट पेंड भरून काढते.

आणि जनावरांचा वैद्य? ग्वाल्हेरात 2008 पासून राजमातांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. पशुवैद्यक व्हायला मात्र इथल्या मुलाने जबलपूर, महू किंवा रेव्याला जावं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी गालात हसू नये. ज्या राज्यात मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला बायफ ही संस्था उभी करून शेतकऱ्याच्या दारात रेतन नेलं, ते राज्य 2023-24 मध्ये 6.71 टक्क्यांसह पाचवं होतं. रेतन दारात आलं; नोंदवही किती गोठ्यांत आली, ते आपापल्या तालुक्यात विचारून पाहा.

कारण सगळं त्या वहीवर अडतं. 1895 साली डेन्मार्कमध्ये व्हेयन गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एक माणूस पगारावर ठेवला. तो गोठ्या-गोठ्यांतून फिरून प्रत्येक गायीचं दूध तोली, स्निग्धांश काढी, खाल्लेला चारा लिही. जगातली पहिली दूध नोंदणी संस्था ती. संगणक नव्हता, ॲप नव्हतं. आमच्याकडे गायीच्या कानात 12 आकडी पिवळा बिल्ला आहे, मोबाइलमध्ये ‘भारत पशुधन’ आहे, भोपाळच्या भदभद्यावर नव्वद टक्के माद्याच जन्माव्यात अशी रेतमात्रा बनवणारी प्रयोगशाळा आहे. ग्वाल्हेरच्या ज्या लष्कर भागात प्रत्येक मराठी घराला आपली कुळी सात पिढ्यांपर्यंत पाठ असते, तिथे म्हशीचा बाप कोण म्हटलं की लोक खो खो हसतात. बिल्ल्यावरचा क्रमांक वाचला तर लसीकरण कळतं. काल सकाळी तिने किती दूध दिलं ते कळत नाही.

येत्या गोपाष्टमीला मंत्री, महापौर, नगरसेवक हार घेऊन लाल टिपाऱ्याला येतील. यावं. फक्त ज्या गायीच्या गळ्यात हार घालणार तिचं मागच्या वेताचं दूध किती आणि तिचा बाप कोणता, एवढं आधी विचारून यावं. आणि उत्तर मिळालं नाही तर हार परत न्यावा.