आठ जणांनी पाडलेला स्पीकर

अमेरिकेचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं : "तिथे हायकमांड नाही, खासदार मनाप्रमाणे मत देतो!" मीही हे कौतुकाने म्हणायचो. 2023 मध्ये रिपब्लिकनांनी स्वतःच्याच स्पीकरचं जे केलं, ते पाहिल्यापासून जरा जपून म्हणतो.

तिथला स्पीकर म्हणजे आपल्या लोकसभेचा अध्यक्ष नव्हे. तो सभागृहातल्या बहुमतवाल्या पक्षाचा पुढारीच असतो. त्या वेळी रिपब्लिकनांच्या जागा 222, बहुमताला लागतात 218. जानेवारीत केविन मॅकार्थी निवडून यायला मतदानाच्या 15 फेऱ्या लागल्या. अडून बसलेल्यांची मनधरणी करताना त्यांनी एक अट मान्य केली : कुणीही एकटा सदस्य स्पीकरला हटवायचा ठराव आणू शकेल. खुर्ची मिळवायला खुर्चीचाच पाय कापून दिला!

सप्टेंबरअखेर सरकारी खर्चाची मुदत संपत होती. कामकाज ठप्प होऊ नये म्हणून मॅकार्थींनी डेमोक्रॅट्सची मतं घेऊन तात्पुरती मंजुरी मिळवली. माझ्या मते नऊ महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, आणि शिक्षाही त्याचीच झाली. 3 ऑक्टोबरला मॅट गेट्झ यांच्या ठरावावर 216 विरुद्ध 210 मतांनी ते गेले. पाडणारे रिपब्लिकन फक्त आठ, बाकी डेमोक्रॅट. अमेरिकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. मग स्कॅलीस, जॉर्डन, एमर अशी नावं एकामागून एक पडली. 25 ऑक्टोबरला माइक जॉन्सन निवडून आले. तोवर तीन आठवडे सभागृह बिनकामाचं. तेही इस्रायल-गाझा युद्ध पेटलेलं असताना.

व्हिप नाही म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. (पक्षांतरबंदी कायदा असूनही महाराष्ट्रात 2022 आणि 2023 मध्ये काय झालं, ते मी नव्याने सांगायला नको.) खरी गोम उमेदवारीत आहे. तिकडे तिकीट नेता देत नाही, प्रायमरीतले मतदार देतात. मतदारसंघ एकदा पक्का असला की खासदाराला भीती फक्त प्रायमरीची, आणि तिथे स्वतःच्या नेत्याशी भांडलेला माणूस हिरो ठरतो. वर टीव्हीवर झळकतो, देणग्या येतात. मग नेत्याचं ऐकायचं कशाला?

तिकिटासाठी बंगल्याबाहेर रांग लावणारी आपली पद्धत मला यापेक्षा बरी वाटते, असं नाही. पण ज्याच्या हातात ना तिकीट ना धाक, त्याला नेता म्हणायचं तरी कसं?

जानेवारी 2025 मध्ये रिपब्लिकनांनी तो नियम बदलला. आता स्पीकरला हटवायचा ठराव आणायला बहुमतवाल्या पक्षाचे नऊ सदस्य लागतात.