क्लॉकची वायर काढून टाका!

एफपीजीए म्हटलं की आपल्याकडे काउंटर, ट्रॅफिक लाइट आणि व्हायव्हापुरती व्याख्या. माझं म्हणणं असं, की या चिपची खरी गंमत तिच्या कडेला बसवलेल्या हायस्पीड सिरियल ट्रान्सीव्हरमध्ये आहे, आणि ती चिखलीत बसूनही शिकता येते.

आपला एक पक्का समज असतो: आठ वायरी म्हणजे एका वायरीच्या आठपट वेग. कमी वेगाला हे खरंच आहे. पण सेकंदाला ३.१२५ गिगाबिट असतील तर एक बिट टिकतो ३२० पिकोसेकंद. तेवढ्या वेळात सिग्नल पीसीबीवर जेमतेम पाच सेंटीमीटर सरकतो! मग आठही वायरी आणि क्लॉक एकाच क्षणी पोचवणं म्हणजे वऱ्हाडाच्या आठ जीपा एकाच सेकंदाला मांडवात आणण्यासारखं. म्हणून ट्रान्सीव्हर वेगळी क्लॉक पाठवतच नाही. डेटाच्या चढउतारावरून रिसीव्हरच ती ओळखतो. पण लागोपाठ शून्यंच आली तर? १९८३ साली आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक यांनी ८बी/१०बी कोड मांडला. आठ बिटांचे दहा करायचे, सारखे बिट पाचाच्या वर सलग येऊच द्यायचे नाहीत.

हे सगळं परदेशातलंच असं समजू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत. सुधारित जीएमआरटीची बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८० कोटी सँपल. सँपलला आठ बिट धरले तर ६.४ गिगाबिट, तेही एकाच पोलरायझेशनचे. पोलरायझेशन दोन, अँटेना तीस. गुणाकार तुम्हीच करा. या सुधारणेत व्हर्टेक्स-५ चिपचे रोच बोर्ड वापरले आणि डेटा १० गिगाबिट इथरनेटने जीपीयूच्या कॉम्प्युटरांकडे नेला. त्या बोर्डाच्या पोर्टमागे ३.१२५ च्या चार लेन. बेरीज साडेबारा, कोडचे वीस टक्के वजा, उरले बरोबर १०. (अँटेनापासून येणारा फायबर मात्र अ‍ॅनालॉग सिग्नल आणतो, बरं का!)

"बोर्ड महाग आहेत" हे कारण मला पटत नाही. ट्रान्सीव्हर नसलेले दोन साधे बोर्ड घ्या. एकावर ८बी/१०बी एन्कोडर लिहा, दुसऱ्यावर प्रत्येक बिटाचे आठ सँपल घेऊन कडा शोधा. मध्ये डेटाची एक वायर आणि ग्राउंड, बस्स. वेग एक मेगाबिट असला तरी चालेल. दोन्हीकडचे क्रिस्टल किंचित वेगळे पळतात; कडेवर पुन्हा जुळवून घेतलं नाही की बिट सटकतो. तो का सटकला हे शोधताना जे कळतं, ते विकत आणलेल्या प्रोजेक्टात मिळत नाही. फायनलच्या प्रोजेक्टांची यादी लागायच्या आत दोघं-तिघं तयार असाल, तर चौथा मी.