साय काढली, साखर राहिली

एका वाचक भगिनींनी या आठवड्यात मला त्यांच्या डाएटच्या तक्त्याचा फोटो पाठवला. वजन उतरवण्याच्या कुठल्याशा शिबिरात तो मिळालेला. ‘दूध : फक्त डबल टोन्ड’ ही ओळ लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेली, आणि तिच्याच खाली ‘चहा : दिवसातून चार कप चालेल’. चहात साखर किती, यावर तक्त्यानं मौन पाळलेलं. दिवाळीच्या सुमारास मी इथंच जाहीर केलं होतं की साखरेवर आता वर्षभर लिहिणार नाही. तेव्हा ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांनी हा तक्ता छापणाऱ्यांना जाब विचारावा.

भगिनींचा प्रश्न साधा होता. घरी म्हशीच्या दुधाचा रतीब आहे, तो बंद करून डबल टोन्डच्या पिशव्या सुरू केल्या तर वजन उतरेल का? मी उलट विचारलं, दूध जातं कुठे? “चहातच, ताई. नुसतं दूध पितंय कोण आता! उरलं तर विरजणाला.” आणि साखर? “दोनच चमचे.”

तर आधी चहाचंच बघू. फुल क्रीम दुधात नियमानं किमान ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के. घरच्या एका कपात दूध पडतं साधारण ४५ मिलिलिटर, बाकी पाणी. म्हणजे फुल क्रीमच्या कपात फॅट झालं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि डबल टोन्डच्या कपात पाऊण ग्रॅमहून किंचित कमी. फरक दोन ग्रॅमचा. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, तेव्हा दूध बदलून एका कपामागे वाचल्या १८ कॅलरी. आता साखरेचा चमचा. सपाट भरला तर ५ ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी. शीग लावून भरणाऱ्यांनी आपला आकडा आपणच वाढवून घ्यावा.

म्हणजे म्हशीच्या दाट दुधापासून डबल टोन्डपर्यंतचा सगळा त्याग, चव गेली, रंग गेला, घरातल्यांची कुरकुर ऐकली, त्याचं मोल चहाच्या कपात एका चमचा साखरेइतकंही भरत नाही. दोन कप शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिला दाट दुधाचा, एक चमचा साखरेचा. त्यात दुधाच्या ४० च्या आसपास आणि साखरेच्या २०, मिळून ६०. दुसरा भगिनींचा नवा, पथ्याचा चहा. डबल टोन्डच्या २२ च्या आसपास आणि ‘दोनच’ चमच्यांच्या ४०, मिळून ६२. पथ्याचा कप कणभर जडच निघाला. दिवसाचे चार कप धरले तर दूध बदलून ७२ कॅलरी वाचतात आणि कपामागे एक चमचा साखर सोडली तर ८०. दोन्ही केलं तर उत्तमच, पण एकच करायचं बळ अंगात असेल तर कुठलं करायचं, हे तक्त्यानं सांगायला हवं होतं. त्यानं लाल शाई भलत्या ओळीवर खर्च केली.

मला तर याहून पुढचा संशय आहे. डबल टोन्डचा चहा पांचट लागतो. मग माणूस दूध थोडं जास्त ओततो, चहा अधिक उकळतो आणि तरी समाधान झालं नाही की साखरेच्या डब्याकडे हात जातो. शिवाय ‘आपण पथ्याचं दूध घेतो’ या पुण्याईवर सोबत एक खारी येते. त्या खारीत वनस्पती तूप किती, हे बेकरीवाल्याला एकदा विचाराच. याला पुरावा काय, म्हणाल तर माझं स्वयंपाकघर आणि शेजारची दोन बिऱ्हाडं. संशोधनात एवढ्याला कुणी भीक घालणार नाही, पण मी माझं मत सोडणार नाही.

सायीवर एवढा राग का, हेही उघड आहे. ती दिसते. दुधावर जाडसर थर धरून बसते, बोटानं उचलता येते, म्हणून गुन्हेगार ठरते. साखर विरघळून नामानिराळी होते. बरं, ज्या घरांतून साय निगुतीनं काढली जाते, तिथं पुढे तिचं काय होतं? आठवडाभर ती फ्रिजमध्ये साठते, तिला विरजण लागतं, घुसळण होते, लोणी निघतं, ते कढवलं जातं आणि रवाळ साजूक तूप बरणीत जातं. मग दुपारी वरणभातावर धार आणि रात्री पोळीवर बोट. फॅटनं घराचा उंबरा ओलांडलेलाच नसतो, ते फक्त पातेल्यातून बरणीत गेलेलं असतं. तुपावरच्या लेखानंतर ज्यांनी मला ‘तूपद्वेष्टी’ ठरवलं, त्यांच्यासाठी पुन्हा सांगते: खा. पण ‘आमच्याकडे साय काढलेलंच दूध असतं’ हे वाक्य मग अभिमानानं सांगू नका. उलट, साय नेमानं काढत असाल आणि तूप खरोखरच मोजून खात असाल, तर तुमचं म्हशीचं दूध आता फुल क्रीम राहिलेलंच नाही. पिशवी बदलण्याचं कारण तिथंच संपलं.

डेअऱ्याही हेच करतात, मोठ्या प्रमाणावर. दुधातून काढलेलं फॅट कुणी समुद्रात ओतत नाही. ते लोणी, तूप, आइस्क्रीम होऊन त्याच दुकानात, त्याच फ्रीजमध्ये, तुमच्या डबल टोन्डच्या वरच्या कप्प्यात बसतं. तिकडे गावात संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घनभागावर) ठरतो, आणि फॅट जरा कमी बसलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. फॅटसाठी तिथं शेतकऱ्याचा जीव टांगणीला आणि इथं आपण फॅट नको म्हणून मिरवतो. हा विषय आज वाढवत नाही. वाढवला तर संपादक फोन करतात.

टोन्ड दूध हा प्रकार मुळात कुणाचं पोट उतरवण्यासाठी निघालेलाच नव्हता. मुंबईत दूध अपुरं होतं, महाग होतं आणि जे मिळे त्यात पाणी किती ते देव जाणे. चाळीसच्या दशकात दारा खुरोडी यांनी तोडगा काढला. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालायची. फॅट निम्म्यावर येतं, प्रथिनं आणि बाकीचा घनभाग जवळपास तसाच राहतो आणि तेवढ्याच म्हशींत जास्त घरांना स्वस्त दूध पोचतं. पुढे आरे कॉलनी उभी करण्यातही त्यांचा वाटा मोठा, आणि १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टंचाईवरचा हा उपाय पुढे पथ्याचा पदार्थ होऊन बसला. खुरोडींना गंमत वाटली असती.

आता सायीचे भक्त. ‘फुल फॅट दूध पिणारे बारीक असतात, असं सिद्ध झालंय’ असा मजकूर मला महिन्यातून एकदा तरी फिरत फिरत येतो. त्याच्या मुळाशी थोडं तथ्य आहे. सिएटलमधले संशोधक मारिओ क्रॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा १६ पाहणी-अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या ११ अभ्यासांत जास्त फॅटचं दूधदुभतं खाणाऱ्यांचं वजन उलट कमी आढळलं किंवा कमी वाढलेलं दिसलं. भक्त इथंच वाचायचं थांबतात. पाहणीत एक मेख असते: ज्याचं वजन आधीच वाढलंय तोच माणूस साय सोडतो. त्याला वजन स्किम दुधानं आलं म्हणणं म्हणजे छत्र्यांमुळे पाऊस पडला म्हणण्यासारखं आहे. पुढे याच क्रॅट्झ यांच्या गटानं प्रत्यक्ष प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ७२ जणांना १२ आठवडे तीन गटांत ठेवलं: दूधदुभतं अगदी कमी, लो-फॅट दूधदुभतं भरपूर, फुल फॅट दूधदुभतं भरपूर. फुल फॅटवाल्यांचं वजन किलोभर वाढलं. कमी दूधदुभत्यावाल्यांचं थोडं उतरलं. लो-फॅटवाले मधेच कुठेतरी राहिले, इतके की बाकी दोघांपासून त्यांचा फरक ठामपणे सांगता येत नाही. म्हणजे साय खाऊन बारीक होण्याचं स्वप्न सोडा, पण साय सोडल्यानं बारीक व्हाल असंही यातून निघत नाही. सायीनं पोट भरल्यासारखं वाटतं आणि मधलं अरबटचरबट टळतं, हे मलाही पटतं. मात्र ते टळलं तरच. साय आणि फरसाण दोन्ही चालू असेल तर बेरीज कशाची होते, ते सांगायला नको.

मग लो-फॅटला अर्थ आहे कुठे? जिथं दूध मापानं पोटात जातं तिथं. रात्री झोपताना २५० मिलिलिटरचा पेला भरून दूध पिणारे पुष्कळ आहेत, विशेषतः व्यायामशाळेत जाणारी मुलं. त्या पेल्यात फुल क्रीम आणि डबल टोन्डमधला फरक १०० कॅलरींच्या घरात जातो. दोन पेले झाले की २००. तिथं पिशवी बदलावी, बिनदिक्कत बदलावी. प्रथिनं आणि कॅल्शियम सायीबरोबर जात नाहीत. अ आणि ड जीवनसत्त्वं जातात, म्हणून पिशवीवर फोर्टिफाइडचं ‘+एफ’ चिन्ह आहे का ते बघा. नुसत्या दह्याची एक वाटी खाणाऱ्याला फरक पडतो ६० कॅलरींच्या आसपास. ती वाटी जेवणात भाजीआमटीच्या बरोबरीनं बसत असेल तर मी तरी तिला हात लावणार नाही. लहानग्यांच्या, विशेषतः दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या दुधाशी आईबाबांच्या डाएटचा काही संबंध नाही, हे वेगळं सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

आणि ‘फॅट कमी’ म्हणून जे गोड कप आपण उचलतो, त्यांच्याबद्दल. श्रीखंडच घ्या. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत श्रीखंडात घनभाग किमान ५८ टक्के हवा, त्या घनभागात फॅट किमान ८.५ टक्के हवं आणि साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते. गुणाकार करा. १०० ग्रॅम श्रीखंडात फॅट जेमतेम ५ ग्रॅम असलं तरी ते नियमात बसतं, म्हणजे फुल क्रीम दुधापेक्षाही कमी. आणि साखर ४२ ग्रॅमपर्यंत असू शकते. फॅटकडेच बघून खरेदी करणाऱ्यानं या न्यायानं दूध सोडून श्रीखंड प्यायला हवं. फळांच्या चवीचं, ‘लो-फॅट’ लिहिलेलं दही याच जातकुळीचं. कपावर मागे बारीक अक्षरांत ‘ॲडेड शुगर’ची ओळ असते, तेवढी एकच वाचली तरी पुरे. फॅटची ओळ नंतर वाचा, वेळ उरला तर.

शेवटी पनीर, कारण पत्रं येणार हे मला ठाऊक आहे. वजन उतरवणारे शाकाहारी लोक हल्ली पनीरवर तुटून पडतात, प्रथिनं मिळतात म्हणून. मिळतातही. पण साध्या पनीरच्या घनभागात किमान निम्मं फॅट असावं लागतं, त्यामुळे १०० ग्रॅमला २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त फॅट सहज येतं, म्हणजे १८० कॅलरी फॅटच्याच. लो-फॅट पनीरमध्ये हेच प्रमाण घनभागाच्या १५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, आणि १०० ग्रॅममागे सव्वाशे ते दीडशे कॅलरींचा फरक पडतो. चहाच्या कपातल्या १८ पुढे ही रक्कम मोठी आहे आणि तक्त्यात पनीरच्या रकान्यात फक्त ‘हो’ लिहिलं होतं. लो-फॅट पनीर रबरासारखं लागतं ही तक्रार खरी आहे. ते टिक्क्यात घालू नका. कुस्करून, कांदा-टोमॅटो आणि हिरवी मिरची घालून भुर्जी करा, आणि फोडणीला तेल चमच्यानं मोजा.