छोट्या देशाचा मोठा नकार

युरोपातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या 'युरोव्हिजन' गीतस्पर्धेत २०२६ साली आपण सहभागी होणार नाही, असे आइसलँडच्या 'आरयूव्ही' या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १० डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केले. त्याआधी सहा दिवस जीनिव्हा येथे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची, म्हणजे स्पर्धेच्या आयोजक संघटनेची, सर्वसाधारण सभा झाली होती. इस्रायलच्या सहभागावर स्वतंत्र मतदान घेण्याची गरज नाही, असा कौल तेथे बहुमताने दिला गेला आणि व्हिएन्नातील स्पर्धेचा मार्ग इस्रायलला मोकळा झाला. स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया यांनी त्याच दिवशी माघार घेतली. आइसलँड हा पाचवा. या पाचांत तो लोकसंख्येने सर्वांत लहान आहे. आणि नेमके म्हणूनच त्याचा नकार अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

सुमारे ३ लाख ९० हजार लोकवस्तीच्या या बेटाला युरोव्हिजनचे वेड केवढे, याची कल्पना बाहेरून येणे कठीण. अंतिम फेरीच्या रात्री दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तीच वाहिनी पाहत असतात. आइसलँडने १९८६ साली नॉर्वेतील बर्गन येथे पदार्पण केले, तेव्हा पहिल्याच खेपेस जिंकल्यास पुढची स्पर्धा भरवायची कोठे, याची चिंता देशात सुरू झाली होती. प्रत्यक्षात सोळावा क्रमांक मिळाला. पुढील दोन वर्षेही सोळावाच. १९८९ मध्ये तर एकही गुण पडला नाही. त्यानंतर १९९९ मध्ये सेल्मा ब्योर्न्सदोत्तिर आणि २००९ मध्ये योहाना या गायिकांनी दुसरा क्रमांक मिळवला. विजेतेपदाने मात्र आजवर हुलकावणीच दिली आहे. २०२१ मध्ये चौथा आलेल्या दाधी फ्रेयरच्या चमूला तर एका सदस्यास कोरोनाची बाधा झाल्याने मंचावर पाऊलही ठेवता आले नाही. रंगीत तालमीचे चित्रण दाखवून वेळ निभावण्यात आली.

एवढ्या अपयशानंतरही ओढ टिकते, याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. प्रत्येक देशाच्या हाती सारखेच गुण असतात. सव्वाआठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या जर्मनीला जितके गुण देता येतात, तितकेच आइसलँडलाही. ही समता संपूर्ण नाही, हेही खरे. स्पर्धेचा मोठा आर्थिक भार उचलणाऱ्या ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्पेन या पाच बड्या देशांना अंतिम फेरीत थेट प्रवेश असतो. इतरांना उपांत्य फेरीची चाळणी पार करावी लागते. तरीही संपूर्ण युरोप काही मिनिटे केवळ आपल्याकडे पाहतो आहे, असा प्रसंग लहान देशाच्या वाट्याला एरवी क्वचितच येतो. त्यामुळे माघारीची किंमत सर्वांना सारखी नसते. स्पेनने हात आखडता घेतला, तर आयोजकांच्या तिजोरीला झळ बसते. आइसलँड बाहेर पडला, तर नुकसान प्रामुख्याने आइसलँडचेच होते. त्याच्यापाशी रोखून धरण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपली उपस्थिती.

हा निर्णय एकाएकी झालेला नाही. २०१९ मध्ये तेल अविव येथील स्पर्धेत 'हतारी' या आइसलँडच्या चमूने निकालाच्या वेळी कॅमेऱ्यासमोर पॅलेस्टाइनचे नाव असलेली कापडी पट्टी धरली आणि 'आरयूव्ही'ला पाच हजार युरोंचा दंड झाला. पुढे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर भीषण हल्ला केला. त्यानंतर गाझात इस्रायलने चालविलेल्या युद्धात हजारो नागरिकांचे बळी गेले आणि या वादाला वेगळीच धार आली. २०२४ च्या राष्ट्रीय निवड फेरीत पूर्व जेरुसलेमचा पॅलेस्टिनी गायक बशर मुराद दुसरा आला. त्या वर्षी निवड फेरी जिंकणे आणि युरोव्हिजनला जाणे या दोन गोष्टी 'आरयूव्ही'ला आधीच वेगळ्या कराव्या लागल्या होत्या. ताज्या निर्णयामागील कारणही याच सूत्रातले आहे. देशातील चर्चेचा रोख पाहता या सहभागातून ना आनंद लाभेल ना शांतता, असे संस्थेने सांगितले.

आयोजकांची बाजूही समजून घ्यायला हवी. ही स्पर्धा सरकारांची नव्हे, प्रसारण संस्थांची आहे. इस्रायलची 'कान' ही संस्था सरकारपासून स्वतंत्र आहे आणि सरकारच्या कृत्यांची शिक्षा कलावंतांना देऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. मात्र २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा रशिया गाऊ शकेल असे प्रथम सांगणाऱ्या याच संघटनेने सदस्यांच्या दबावापुढे दुसऱ्याच दिवशी रशियाला बाहेर ठेवले. रशियन वाहिन्या सरकारच्या मुठीत होत्या, हा फरक दाखविला जातो आणि तो वस्तुनिष्ठ आहे. तथापि, तेव्हाचा निर्णय वाहिन्यांच्या स्वायत्ततेचे मोजमाप करून नव्हे, तर स्पर्धेची अप्रतिष्ठा होईल या कारणासाठी झाला होता. एकदा ती मोजपट्टी वापरल्यावर 'आम्ही राजकारणात पडत नाही' हे वाक्य पूर्वीच्या सहजतेने उच्चारता येत नाही. २०२५ मध्ये बाझल येथे प्रेक्षकांच्या मतांत इस्रायल पहिला आल्यानंतर प्रचारमोहिमांविषयी तक्रारी झाल्या. त्यावर आयोजकांनी एका प्रेक्षकाच्या मतांची कमाल संख्या वीसवरून दहावर आणली. नियमांची ही डागडुजी आवश्यकच होती. पण मूळ प्रश्न मतमोजणीचा नव्हताच.

अशा नकाराची किंमत भारतीय वाचकांना अपरिचित नाही. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही आणि चषक प्रतिस्पर्ध्याकडे गेला. त्या एका सामन्याने वर्णद्वेष संपला नाही. त्यासाठी आणखी दोन दशके जावी लागली. खेळाडूंच्या उमेदीतील संधी मात्र कायमची गेली. रेकयाविकमधील एखाद्या तरुण गायकालाही आज हेच वाटत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. निर्णय संस्था घेते. किंमत व्यक्ती मोजते.

मग अशा नकाराने साधते काय? तात्काळ फळ पाहिले तर फारसे काही नाही. पाच देश गळाले, पण बल्गेरिया, रुमानिया आणि मोल्दोव्हा परतले. सहभागी देशांची संख्या ३७ वरून ३५ वर आली, एवढेच. लहान देशांच्या भूमिकांचे मोल मात्र असे लगेच मोजता येत नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत, सोव्हिएत संघ अस्तित्वात असतानाच, लिथुआनियाच्या स्वातंत्र्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश आइसलँडच होता. बड्या राष्ट्रांनी तेव्हा सावध मौन पाळले होते. ज्या एस्टोनियालाही त्याच वर्षी आइसलँडने साथ दिली, त्याचे परराष्ट्र खाते आज टॅलिनमधील ज्या चौकात आहे, त्या चौकाला आइसलँडचे नाव आहे. सैन्य नसलेल्या देशाला एवढीच ताकद असते. ती वापरायची की जपून ठेवायची, हे त्यालाच ठरवावे लागते.

या वेळचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर आइसलँडमध्येही एकमत नाही. परंतु जो मंच आपल्याला सर्वांत प्रिय, त्याच मंचावरून खाली उतरण्याची तयारी एका लहान देशाने दाखविली आहे. ज्यांना गमावण्यासारखे फारसे नव्हते, त्यांच्या निषेधापेक्षा या नकाराचे वजन म्हणूनच अधिक आहे.