तुपाचा डबा आणि बेकरीची भट्टी

या आठवड्यात एका कार्यक्रमात पाहुण्यांना कुकीजचे डबे वाटले. मलाही एक मिळाला. वर ठळक अक्षरांत ‘घरगुती चव’ आणि मागच्या बाजूला, डोळे ताणून वाचावं लागेल अशा अक्षरांत, मैदा, साखर, पाम तेल. तुपाचा, लोण्याचा पत्ता नाही. दिवाळी आली की ज्या वाशीममध्ये नानखटाई भाजून घ्यायला बेकरीसमोर तुपाचे डबे घेऊन बायांची रांग लागायची, तिथे घरगुती चव म्हणून हे वाटावं? मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आपली नानखटाई सुरतेची. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली. त्यांची पावाची बेकरी पुढे फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि तिच्या भट्टीतून नानखटाई निघाली, असं सांगतात. चॉकलेटचे तुकडे घातलेली अमेरिकी कुकी रूथ वेकफिल्डबाईंनी केली ती १९३०च्या दशकात.

आमच्याकडची रीत अशी होती. मैदा, थोडा रवा, मूठभर बेसन, पिठीसाखर, वेलदोडे आणि तूप हे सगळं घरून न्यायचं. भट्टी बेकरीवाल्याची, मजुरी किलोवर. पहाटे भट्टी कडक तापलेली असताना पाव निघे आणि आच उतरली की नानखटाईचे पत्रे आत जात. बेकरीतल्या मोठ्या परातीत आई तूप आणि साखर तळहाताने फेसत बसायची. तुपाचा पिवळा रंग जाऊन लोण्यासारखं पांढरं होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे. मग गोळे वळायचे, अंगठ्याने मधोमध दाबायचं, खळग्यात एक चारोळी. पत्र्यावर दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा सोडायची, कारण तूप सुटलं की नानखटाई पसरते. भाजताना तिला वरून ज्या भेगा पडतात, त्यांवरून शेजारच्या काकू कुणाच्या हाताला किती तूप सुटलंय ते सांगत.

गेल्या दिवाळीत मी ओळखीच्या एका बेकरीत विचारलं. ‘‘लोकायचं सामान घेनं बंद केलं ना भाऊ,’’ मालक म्हणाले. ‘‘लाकूड महाग झालं, पोट्टे टिकत नाहीत, अन् पत्रे इकडचे तिकडे झाले की भांडण आमच्याच डोक्यावर.’’ त्यांचं म्हणणं मला पटलं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

आणि सुरुवातीला पाम तेलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपला वाशीम जिल्हा सोयाबीनचा. मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कुठेही जा, खरिपात नजर पोचेल तिथवर सोयाबीन. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याने बाजार समितीत माल विकला तो त्याहून कितीतरी खाली. याच देशात पाम तेल जहाजं भरभरून बाहेरून येतं आणि त्याच तेलातली बिस्किटं वाशीमच्या दुकानांत रचलेली असतात. सोयाबीन पिकवणाऱ्या घरातलं पोर परक्या तेलातलं बिस्किट चहात बुडवतं, हे मला पाहवत नाही.

सोयाबीनची नानखटाई होते, आणि चांगली होते. कच्चं सोयाबीन तसंच दळलं तर त्याचा उग्र वास शेवटपर्यंत जात नाही. ते आधी उकळून, वाळवून, मंद आचेवर खमंग भाजून मगच दळायचं. हे पीठ मैद्याच्या चौथ्या हिश्शाएवढंच घालावं, जास्त झालं की नानखटाई खुसखुशीत राहत नाही. तूप मात्र कमी करू नये, त्यावर मी वाद घालायला तयार आहे. ज्या बचत गटाच्या बाया पापड-कुरडया विकतात, त्यांना हे काम सहज जमेल. अडचण एकच, भट्टी.

म्हणून बेकरीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्षभर नको, दिवाळीआधीचे चार दिवस द्या. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी निवत असते, तेवढाच वेळ द्या. मजुरी दुप्पट घ्या, लोक देतील. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीने पत्र्याच्या कोपऱ्यातल्या एका गोळ्यावर आपली खूण करावी. आई तिथे तीन लवंगा टोचायची.